आईचा प्रश्न आणि मेंदूचं वेळापत्रक



आमच्या घरात कुकरची शिट्टी कधी झाली नाही. निदान मी जन्मले तेव्हापासून तरी नाही. कुकर होता, आईच्या लग्नात आलेला, पण तो माळ्यावर. माझा दादा माझ्याहून पाच वर्षांनी मोठा. शिट्टी झाली की तो दोन्ही कान दाबून घरभर धावायचा, कधी कधी भिंतीवर डोकं आपटायचा. म्हणून आई रात्री डाळ भिजत घालायची आणि सकाळी पातेल्यात, झाकणावर पाणी ठेवून शिजवायची. बडोद्याला, दांडिया बाजारात आमचं घर. येणारे-जाणारे नातेवाईक स्वयंपाकघरात डोकावून म्हणायचे, "किती लाडावून ठेवायचं पोराला!" आई काही बोलायची नाही.

1985 साली दादा चार वर्षांचा होता आणि एकही शब्द बोलत नव्हता. आई त्याला एका मोठ्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. त्यांनी दादाला दहा मिनिटं पाहिलं आणि आईला विचारलं, "तुम्ही नोकरी करता?" आई शाळेत शिकवायची. डॉक्टर म्हणाले, "मग बरोबर. मूल आईच्या मायेला भुकेलं आहे, म्हणून ते स्वतःत मिटून गेलंय." पुढच्या महिन्यात आईनं राजीनामा दिला. बाबांना मात्र त्यांच्या नोकरीबद्दल कोणी काही विचारलं नाही.

दादा सातव्या वर्षी बोलायला लागला. 'ऑटिझम' हा शब्द आमच्या घरी आला तो 2005 साली, मुंबईच्या एका डॉक्टरांकडून, दादा 24 वर्षांचा असताना. मी पुढे बंगळुरूला मेंदूवर संशोधन करायला गेले. 2014 मध्ये पीएचडी झाली, तेव्हा आईला फोन केला. तिनं अभिनंदन केलं, जेवलीस का विचारलं, आणि मग म्हणाली, "तू आता मेंदूची डॉक्टर झालीस ना? मग मला एकदा नीट सांग. माझं काय चुकलं?"

आज मी त्याच प्रश्नावर बोलणार आहे. आईला उत्तर देऊन झालंय. ते कसं गेलं, ते शेवटी सांगते.

आधी त्या डॉक्टरांचं. ते दुष्ट नव्हते. ते पुस्तकातलं बोलत होते, फक्त पुस्तक जुनं होतं. अमेरिकेत लिओ कॅनर या बालमानसोपचारतज्ज्ञानं 1943 साली 11 मुलांचं वर्णन छापलं, आणि ऑटिझम ही वेगळी अवस्था म्हणून पहिल्यांदा नीट नोंदली गेली. ही मुलं जन्मतःच अशी असावीत असं कॅनरनं तेव्हाच लिहिलं होतं. पण त्यानं त्यांच्या आईवडिलांच्या थंडपणाबद्दलही लिहिलं, आणि जगानं नेमकं तेवढंच उचललं. पुढे ब्रूनो बेटेलहाइम यांनी 1967 साली या विषयावर एक गाजलेलं पुस्तक लिहिलं आणि आईच्या थंडपणावर शिक्कामोर्तब केलं. 'रेफ्रिजरेटर मदर' हा शब्द त्या काळातला.

मग 1977 साली सुसान फोलस्टाइन आणि मायकेल रटर यांनी जुळ्या मुलांच्या फक्त 21 जोड्या तपासल्या. त्यांतल्या 11 जोड्या एकसारख्या दिसणाऱ्या, म्हणजे एकाच बीजापासून झालेल्या जुळ्यांच्या. अशा चार जोड्यांमध्ये दोन्ही मुलांना ऑटिझम होता. बाकीच्या 10 जोड्या साध्या जुळ्यांच्या. त्यांत अशी एकही जोडी सापडली नाही. घर तेच, आई तीच, फरक जनुकांचा. अभ्यास छोटा होता, पण दिशा पक्की निघाली. 2019 साली पाच देशांतल्या सुमारे 20 लाख मुलांच्या नोंदी तपासल्या गेल्या, आणि मुलामुलांमध्ये ऑटिझमबाबत जो फरक दिसतो त्यातला साधारण 80 टक्के आनुवंशिक घटकांमुळे आहे असं निघालं.

तारखा पुन्हा बघा. जुळ्यांचा अभ्यास 1977 चा, आईचा राजीनामा 1985 चा. मधे आठ वर्षं गेली होती.

पण 'जनुकं' हे काही पूर्ण उत्तर नाही. आईला मी तेवढंच सांगितलं असतं तर तिनं लगेच विचारलं असतं, "कोणाची? माझी की ह्यांची?" जनुकं नेमकं करतात काय, ते बघायला हवं. 2020 साली ऑटिझमशी पक्का संबंध असलेल्या 102 जनुकांची यादी प्रसिद्ध झाली. त्यांतली बरीच जनुकं मूल जन्मण्याच्या कितीतरी आधी, गर्भातला मेंदू घडत असताना जोमात काम करत असतात. काही इतर जनुकांचं काम सांभाळतात, काही मज्जापेशींमधल्या जोडण्या घडवतात. या जोडण्यांना आम्ही सायनॅप्स म्हणतो.

आता थोडं गर्भाच्या मेंदूत जाऊ. मोठ्या माणसाच्या मेंदूत सुमारे 8600 कोटी मज्जापेशी असतात, आणि त्यांतल्या बहुतेक आपण जन्मण्याआधीच तयार झालेल्या असतात. त्या जन्मतात एकीकडे आणि राहायला जातात दुसरीकडे. मेंदूच्या बाहेरच्या थरात, म्हणजे कॉर्टेक्समध्ये, आधी आलेल्या पेशी खालच्या मजल्यावर बसतात, आणि नंतर आलेल्या त्यांच्या अंगावरून वाट काढत वरच्या मजल्यावर जातात. उशिरा येणाऱ्यालाच जास्त जिने. इतर पेशींना आवर घालणाऱ्या काही पेशी तर मेंदूच्या वेगळ्याच भागात जन्मून आडव्या वाटेनं तिथे पोचतात. मुक्कामाला पोचलं की जोडण्या सुरू. आणि गंमत म्हणजे ही वायर टाकायची वेळ आणि वायरमधून वीज सोडायची वेळ एकच असते. बाळाचे डोळे उघडण्याआधीच डोळ्यांतल्या पेशी लाटा आल्यासारख्या एकत्र विजेचे संदेश पाठवत असतात. दिसत काही नसतं, पण बघण्याचं वायरिंग त्या सरावातून पक्कं होतं. कार्ला शॅट्झ यांनी हे काम केलं, आणि विद्यार्थिदशेत ते वाचलं तेव्हा मला रात्रभर झोप आली नव्हती.

यातली माझी सगळ्यात आवडती गोष्ट गाबाची. गाबा हे मेंदूतलं रसायन. तुमच्या-माझ्या मेंदूत ते ब्रेकचं काम करतं. पंखा फिरतोय, बाहेर रिक्षा गेली, शेजारी कुणीतरी खोकलं, तरी तुम्ही माझं बोलणं ऐकू शकता, त्यात या ब्रेकचा मोठा वाटा आहे. पण गर्भातल्या मेंदूत हाच गाबा ॲक्सिलरेटर असतो! कारण साधं आहे. कोवळ्या मज्जापेशीच्या आत क्लोराइड जास्त साठलेलं असतं. गाबानं दार उघडलं की ते बाहेर पडतं आणि पेशी चेतते. पेशी मोठी होते तशी ती क्लोराइड बाहेर टाकायला शिकते. मग तेच दार उघडल्यावर क्लोराइड आत येतं आणि पेशी शांत होते. ॲक्सिलरेटरचा ब्रेक होण्याचा हा बदल उंदीर-घुशींमध्ये जन्माच्या आसपास होतो. प्रसूतीच्या वेळी आईच्या शरीरातून येणाऱ्या ऑक्सिटोसिनचाही त्यात हात असतो, हे फ्रान्समध्ये येहेझ्केल बेन-आरी यांच्या गटानं 2006 साली दाखवलं. त्याच गटानं 2014 मध्ये पुढचं छापलं. ऑटिझमशी जोडलेला जनुकबदल असलेल्या उंदरांमध्ये हा बदल वेळेवर होत नव्हता. जन्म झाला होता, पण ब्रेक अजून ॲक्सिलरेटरच होता.

मी हे वाचलं तेव्हा मला दुसरं काही आठवलं नाही. माळ्यावरचा कुकर आठवला.

आता माझ्या रोजच्या कामाबद्दल. आम्ही उंदराच्या मेंदूचा एक तृतीयांश मिलिमीटर जाडीचा काप घेतो. ऑक्सिजन सोडलेल्या खारट पाण्यात तो काही तास जिवंत राहतो. मग केसाहून कितीतरी बारीक टोकाची काचेची नळी एका पेशीला लावायची आणि तिची वीज ऐकायची. स्पीकर जोडला तर ज्वारीच्या लाह्या फुटल्यासारखा आवाज येतो. आम्ही ज्या उंदरांवर काम करतो त्यांच्यात 'सिनगॅप-1' नावाच्या जनुकाची एक प्रत बंद असते. उंदराला ऑटिझम होत नाही, हे आधीच सांगते. पण ज्या मुलांमध्ये या जनुकाची एक प्रत बिघडलेली असते, त्यांना बौद्धिक अडचणी येतात, अनेकांना फिट्स येतात आणि बऱ्याच जणांना ऑटिझम असतो. हा संबंध 2009 साली माँट्रियलच्या संशोधकांनी दाखवला. यातल्या बहुतेक मुलांमध्ये हा बदल आईकडून किंवा वडिलांकडून आलेला नसतो, तो नव्यानंच घडलेला असतो.

सिनगॅप हे प्रथिन सायनॅप्सवर बसून एकच काम करतं. घाई करू नका, म्हणतं. ते निम्मं झालं तर काय होतं, हे 2012 साली अमेरिकेतल्या गॅव्हिन रंबॉ यांच्या प्रयोगशाळेनं दाखवलं. त्या निबंधातलं पहिलं नाव जेम्स क्लेमेंट यांचं, ज्यांनी पुढे बंगळुरूच्या जवाहरलाल नेहरू सेंटरमध्ये स्वतःची प्रयोगशाळा चालवली. त्या उंदरांमध्ये जे सायनॅप्स तिसऱ्या आठवड्यात पिकायला हवेत, ते दुसऱ्याच आठवड्यात पिकलेले दिसले. सगळ्यांची अपेक्षा होती की जोडण्या कमजोर निघतील, किंवा उशिरा होतील. निघाल्या त्या आगाऊ. कार्बाइड घालून पिकवलेल्या आंब्यासारख्या, बाहेरून तयार. आणि मोठ्या उंदरात हेच जनुक बंद केलं तर फारसं काही बिघडलं नाही. महत्त्व होतं ते कधी घडलं याला.

माणसाच्या बाबतीत याला आणखी धार येते, कारण माणसाचा मेंदू मुळातच संथ. उंदराच्या ज्या पेशी काही आठवड्यांत तयार होतात, त्याच जातीच्या आपल्या पेशी महिनोन्महिने, वर्षानुवर्षं घेतात. बेल्जियमच्या संशोधकांनी 2024 साली माणसाच्या मज्जापेशी उंदराच्या मेंदूत वाढवून दाखवल्या. साध्या पेशी उंदराच्या घरात राहूनही माणसाच्याच गतीनं वाढत राहिल्या, पण सिनगॅप कमी असलेल्या पेशी मात्र झरझर मोठ्या झाल्या. आपलं लांबलेलं बालपण म्हणजे आपलं भांडवल, आणि ते कुठेतरी पेशीच्या आतच लिहिलेलं आहे.

सगळ्यांच्या बाबतीत घड्याळ पुढेच असतं असं नाही. फ्रॅजाइल एक्स या अवस्थेच्या उंदरांमध्ये मिशांच्या स्पर्शाचं वायरिंग ज्या काळात पक्कं व्हायचं, तो काळ मागे सरकलेला आढळला. एकाचं घड्याळ पुढे, एकाचं मागे, आणि बाहेरून दोघांनाही एकच नाव, ऑटिझम. म्हणून ऑटिझमचं 'एक' कारण शोधणाऱ्या बातम्या आल्या की मी त्या शांतपणे बाजूला ठेवते.

मराठी शब्दाबद्दलही एक बोलून घेते. 'स्वमग्न' हा शब्द ऐकायला गोड आहे, पण मला तो पटत नाही. दादा स्वतःत मग्न कधीच नव्हता. उलट त्याला बाहेरचं सगळं एकदम ऐकू यायचं, दिसायचं, टोचायचं, आणि त्यातून आईचा आवाज वेगळा काढणं त्याला जड जायचं. आवाज, स्पर्श, उजेड यांचा असा त्रास होणं हे ऑटिझमचं लक्षण म्हणून अमेरिकेच्या निदान-पुस्तिकेत 2013 साली आलं. आईनं कुकर त्याच्या 28 वर्षं आधी माळ्यावर टाकला होता.

मग आईवडिलांच्या वागण्याला काहीच अर्थ नाही का? आहे, पण तो वेगळ्या ठिकाणी आहे. अटलांटाच्या वॉरन जोन्स आणि अमी क्लिन यांनी 2013 साली एक सुंदर अभ्यास छापला. तान्ह्या बाळांना त्यांनी बोलणाऱ्या बाईचा व्हिडिओ दाखवला आणि बाळ कुठे बघतंय ते मोजलं. ज्यांना पुढे ऑटिझमचं निदान झालं, ती बाळं दुसऱ्या महिन्यात डोळ्यांकडे इतर बाळांसारखीच बघत होती. दुसऱ्या ते सहाव्या महिन्यात मात्र त्यांचं बघणं हळूहळू कमी होत गेलं. आता विचार करा. बाळ डोळ्यांकडे कमी बघतं, म्हणून त्याच्या मेंदूला चेहऱ्यांचा सराव कमी मिळतो, म्हणून चेहरे वाचणारं वायरिंग तेवढं भरत नाही, म्हणून ते आणखी कमी बघतं. आई बोलतच असते. बाळापर्यंत पोचणारा वाटा आटत जातो. तेव्हा "आई बोलली नाही म्हणून मूल असं झालं" हे वाक्य कार्यकारणाच्या बाबतीत उलटं आहे. आणि हल्ली व्हॉट्सॲपवर फिरणारं "मोबाइलमुळे ऑटिझम होतो" हे त्याच वाक्याचं नवं रूप. लहान मुलाला तासन्‌तास मोबाइल देऊ नका, जरूर. पण 1985 साली आमच्या घरात फोनसुद्धा नव्हता.

"दोन वर्षांपर्यंत काय ते करा, मग दार बंद" असंही पालकांना सांगितलं जातं, आणि ते घाबरून घरंदारं गहाण टाकतात. ही भीती एका खऱ्या शोधातून आली आहे. ह्यूबेल आणि वीझल यांनी मांजरीच्या पिलाचा एक डोळा सुरुवातीचे काही आठवडे बंद ठेवला, तर नंतर उघडूनही मेंदू त्या डोळ्याचं ऐकेना. मोठ्या मांजरीत असं काही झालं नाही. या कामाला 1981 साली नोबेल मिळालं, आणि 'क्रिटिकल पिरियड' हा शब्द घरोघर गेला. पण त्याच्या पुढची पानं कोणी वाचत नाही. पवन सिन्हा यांच्या 'प्रोजेक्ट प्रकाश'नं आपल्याकडच्या जन्मांध मुलांवर मोतीबिंदूची शस्त्रक्रिया करून घेतली. 2011 साली छापलेल्या अभ्यासात अशी पाच मुलं होती, 8 ते 17 वर्षांची. पट्टी सुटल्यावर हाताला ओळखीची वस्तू त्यांना डोळ्यांनी ओळखता येईना. काही दिवसांतच त्यांची त्यात झपाट्यानं प्रगती झाली. एडिंबराच्या एड्रियन बर्ड यांनी 2007 साली रेट सिंड्रोमच्या मोठ्या, आजारी उंदरांमध्ये हरवलेलं जनुक पुन्हा चालू केलं आणि ते उंदीर सुधारले. सिनगॅपच्या मोठ्या उंदरांमध्येही जनुक परत दिल्यावर काही गोष्टी सावरल्या, काही नाही. दार किती उघडं आहे, ते खोलीखोलीवर अवलंबून आहे.

याचा अर्थ औषध आलं असा नाही. गाबाच्या त्या शोधावरून एक जुनी, लघवी वाढवणारी गोळी, ब्युमेटानाइड, मुलांना देऊन पाहिली. पेशीतलं क्लोराइड ती कमी करते. छोट्या चाचण्यांमध्ये आशा दिसली. मग दोन मोठ्या चाचण्या झाल्या, आणि गोळीत आणि साखरेच्या गोळीत फरक न दिसल्यानं 2021 साली त्या थांबवल्या गेल्या. मला त्या दिवशी फार वाईट वाटलं, पण विज्ञान असंच चालायला हवं. मोजायचं आणि नाही तर नाही म्हणायचं. याच्या अगदी उलट, आपल्या शहरांमध्ये ऑटिझमवर स्टेम सेलची इंजेक्शनं लाखो रुपयांना विकली गेली. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या नीती मंडळानं डिसेंबर 2022 मध्ये सांगितलं की ऑटिझमवरचा उपचार म्हणून स्टेम सेलची शिफारस करता येत नाही. तुमच्या ओळखीत कुणी त्यासाठी पैसे जमवत असेल तर एवढं नक्की सांगा.

मोजून पाहिलेलं आणि आपल्या खिशाला परवडणारं काम गोव्यात झालं आहे. गोव्यात आणि पाकिस्तानातल्या रावळपिंडीत मिळून 65 मुलं होती. डॉक्टर नव्हे, तर प्रशिक्षण दिलेले साधे आरोग्य कार्यकर्ते घरी जायचे. आई किंवा बाबा मुलाबरोबर खेळताना व्हिडिओ काढायचे आणि तोच त्यांच्याबरोबर बसून बघायचे. "हे बघा, इथे त्यानं गाडी तुमच्याकडे ढकलली, आणि तुम्ही त्याच वेळी त्याला रंग विचारत होता." अशी बारा सत्रं. मूल देतं तो बारीकसा इशारा ओळखायचा आणि त्याच्या गतीनं उत्तर द्यायचं. 2016 साली निकाल आला. आईबाबा मुलाच्या लयीत येऊ लागले, आणि मुलं आपणहून संवाद सुरू करू लागली. मुलांचा ऑटिझम गेला नाही, आणि तसा दावाही कोणी केला नाही.

दादाची जनुक-तपासणीही आम्ही केली. मी रोज सिनगॅपबद्दल बोलते, तेव्हा मनात आशा होती की निदान एखादं नाव मिळेल. अहवाल निरंक आला. बहुतेकांच्या बाबतीत तसंच होतं, ठळक असं एक जनुक फार थोड्यांत सापडतं. दादाचं घड्याळ पुढे होतं की मागे, हे मी सांगू शकत नाही.

हे सगळं मी आईला एका दिवाळीत सांगितलं. ती मेथी निवडत होती. जुळी मुलं, गाबा, आंबे, मांजरीचं पिलू, सगळं. ती मधे मधे प्रश्न विचारत होती, आणि चांगले प्रश्न. कोवळ्या पेशीतलं क्लोराइड कमी कसं होतं, हेसुद्धा तिनं विचारलं. शेवटी मी म्हणाले, "आई, तुझं काही चुकलं नव्हतं. हे सगळं तू त्याला हातात घेण्याआधी सुरू झालं होतं."

तिनं बराच वेळ काही म्हटलं नाही. मेथीची जुडी संपवली. मग म्हणाली, "म्हणजे शाळा सोडायची गरज नव्हती?"

मी म्हणाले, "नव्हती."

"सातवी 'ब' होती माझ्याकडे त्या वर्षी," ती म्हणाली. "त्यांचं व्याकरण अर्धंच राहिलं."

याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं, आजही नाही. तेवढ्यात दादा दारात येऊन उभा राहिला आणि म्हणाला, "साडेसात." साडेसातला त्याला जेवायला लागतं. आई देठं कागदात गुंडाळून उठली आणि तिनं त्याचं पान वाढायला घेतलं.